बालशिक्षिकेचा गळा आणि हात

बालशिक्षणाच्या अध्यापन-वर्गांत संगीताचा पहिला तास सुरू झाला म्हणजे एक गमतीचें, पण विचार केल्यास मन विषण्ण करणारें दृश्य पुष्कळदां पाहावयास मिळतें. पेटीवर सूर धरलेला असतो. शिकविणाऱ्या बाई एक साधें बालगीत म्हणून दाखवितात. आणि वर्गांतील पंचवीस-तीस विद्यार्थिनींनीं तें पाठोपाठ म्हणावें अशी अपेक्षा असते. पांच-सहा मुलींचे आवाज स्पष्ट ऐकूं येतात, दहा-बारा जणी त्या आवाजांच्या आड लपून पुटपुटतात, आणि उरलेल्या नुसते ओठ हलवितात. कारण विचारावें तर उत्तर ठरलेलें असतें, "मला गळाच नाहीं." हा निवाडा कोणीं दिला आणि केव्हां दिला, याचा शोध घेऊं लागलें तर बहुतेकींच्या बाबतींत तो सात-आठ वर्षांच्या वयांत, शाळेच्या एखाद्या समारंभाच्या तयारींत दिला गेलेला असतो. "तूं मागें उभी राहा आणि नुसतें तोंड हलव," एवढें एकच वाक्य. बोलणारा तें संध्याकाळपर्यंत विसरतो. ऐकणारी मात्र पुढें वीस वर्षें तोंड हलवीत राहते.

चित्रकलेच्या तासाला यापेक्षां फारसा निराळा प्रकार होत नाहीं. कोरा कागद समोर आला कीं दोन डोंगर, त्यांच्या मधून डोकावणारा सूर्य, खालीं नागमोडी नदी आणि कडेला उतरत्या छपराचें घर, यांपलीकडे हात जात नाहीं. हें चित्र महाराष्ट्रांतील असंख्य शाळांत असंख्य वेळां निघालें आहे, आणि तें काढणाऱ्यांपैकीं पुष्कळांनीं दोन डोंगरांच्या बरोबर मधून उगवणारा सूर्य प्रत्यक्षांत कधीं पाहिलेला नाहीं.

आणि याच मुलींनीं उद्यां तीन ते सहा वर्षांच्या बालकांना गाणें आणि चित्र यांची गोडी लावावयाची असते! आडांत नाहीं तें पोहऱ्यांत कोठून येणार, अशी शंका कोणालाही यावी. परंतु येथें उपमाच थोडी फसवी आहे. आड कोरडा नसतो. त्यावर कोणीं तरी झांकण घातलेलें असतें. तें झांकण काढावें कसें, आणि काढल्यानंतर बालशिक्षिकेला नेमकें काय आलें पाहिजे, हें समजून घेण्यासारखें आहे. कारण ज्यांचीं मुलें-नातवंडें आज बालवाडींत जातात त्या प्रत्येक घराशीं या प्रश्नाचा संबंध पोंचतो.

हा प्रश्न नवा नाहीं. फ्रोबेलनें १८३७ सालीं जर्मनींतील ब्लांकेनबुर्ग या गांवीं आपल्या बालोद्यानाचा आरंभ केला आणि १८४४ सालीं मातांकरितां खेळगीतांचें एक सचित्र पुस्तक प्रसिद्ध केलें. तेव्हांपासून गाणें, बोटांचे खेळ आणि हस्तव्यवसाय हीं बालशाळेचीं आवश्यक अंगें मानलीं जाऊं लागलीं. आपल्याकडे या विचाराला देशी रूप दिलें तें गुजराथेंत. गिजुभाई बधेका हे पेशानें वकील. १९१६ सालीं ते भावनगरच्या दक्षिणामूर्ति संस्थेंत आले आणि १९२० सालीं त्यांनीं तेथें बालमंदिर सुरू केलें. भरघोस मिशांच्या या गृहस्थाला लोक कौतुकानें 'मूछाळी मा', म्हणजे मिशीवाली आई, म्हणत. पुढें ताराबाई मोडक त्यांच्या कार्यांत सहभागी झाल्या. १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. आणि ताराबाई मुंबईस परतल्यावर १९३६ सालीं दादरला शिशुविहार निघाला. बालमंदिर काढणें सोपें, पण त्यांत उभी राहणारी शिक्षिका तयार करणें कठीण, हें या मंडळींनीं फार लवकर ओळखलें होतें; म्हणून बालमंदिराबरोबर अध्यापन मंदिर ही त्यांची रीतच होती.

पण कला-शिक्षणाच्या दृष्टीनें खरी कसोटी लागली ती बोर्डीस. १९४५ सालीं ताराबाईंनीं तेव्हांच्या ठाणें जिल्ह्यांतील या समुद्रकांठच्या गांवीं ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलें, आणि अनुताई वाघ त्यांच्या मदतीस आल्या. शहरांतील मध्यम वर्गाच्या मुलांसाठीं मांडलेलें बालमंदिर येथें जसेंच्या तसें चालेना. कारखान्यांत बनविलेलीं महाग साधनें आणावयाचीं कोठून? तेव्हां शिंपले, खडे, बिया, पानें, माती हींच साधनें झालीं. मुलें शाळेंत येईनात, तेव्हां शाळाच वस्तीच्या अंगणांत गेली. आज देशभर रूढ झालेला 'अंगणवाडी' हा शब्द त्यांतून आला. १९५७ सालीं हें कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेलें.

हा सारा वारली लोकांचा मुलूख, आणि येथें शहरांतून आलेल्या शिक्षिकेला एक विलक्षण गोष्ट पाहावयास मिळते. वारली घरांत लग्न असलें म्हणजे भिंत गेरूनें सारवून तिच्यावर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगानें चौक काढतात. तें काम सवाशिणींचें. चौक 'काढला' असें तेथें म्हणत नाहींत, 'लिहिला' म्हणतात. आणि त्याच लग्नांत धवलेरी नांवाची स्त्री गाणीं म्हणून विधि पार पाडते. म्हणजे चित्र आणि गाणें हे तेथें निरनिराळ्या तासांचे विषय नाहींत, आणि दोन्ही बायकांच्या हातीं आहेत. याच परंपरेंतील जिव्या सोमा म्हसे यांनीं पुढें भिंतीवरचें चित्र कागदावर व कापडावर आणून जगभर पोंचविलें. २०११ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली. अशा घरांतून येणाऱ्या मुलासमोर छापील गुलाबाचें फूल ठेवून "रेषेबाहेर रंग जाऊं देऊं नकोस" असें सांगणें म्हणजे ज्याच्या घरीं विहीर आहे त्याला पेल्यांत पाणी कसें असतें तें दाखविण्यासारखें आहे. शिक्षिका तयार करतांना पहिला धडा हाच असावयास हवा, कीं मूल वर्गांत येतें तें रिकाम्या हातानें येत नाहीं. आणि स्वतः विद्यार्थिनीही रिकाम्या हातानें येत नाहीं.

म्हणून कांहीं जाणत्या शिक्षिका संगीताच्या अभ्यासाचा आरंभ पेटीनें करीत नाहींत. त्या विद्यार्थिनींना घरीं पाठवितात. आई, आजी, मावशी, शेजारच्या वृद्ध बाई यांपैकीं कोणाकडून तरी एक अंगाई, एक खेळगाणें आणि साधल्यास जात्यावरची एक ओवी ऐकून यावयाचें. लिहून नव्हे, कानांत सांठवून. जात्यावर दळणाऱ्या स्त्रियांनीं आपल्या ओव्यांचा केवढा सांठा करून ठेविला होता याची कल्पना हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हां यांनीं खेडोपाडीं जमविलेल्या संग्रहावरून येते. त्यांतील ओव्यांची संख्या एक लाखाच्या वर आहे. त्या गाणाऱ्यांपैकीं बहुतेकींनीं संगीताचा एकही तास घेतलेला नव्हता, आणि आपल्याला गळा आहे कीं नाहीं हा प्रश्न जात्यापुढें बसतांना त्यांना पडत नव्हता. दुसऱ्या दिवशीं वर्गांत जी मुलगी "मला येत नाहीं" म्हणत होती, तीच आजीची अंगाई मान खालीं घालून, पण सुरांत म्हणते. घाबरलेला गळा आणि बेसूर गळा यांतील फरक त्या वेळीं सर्व वर्गाला कळतो.

यानंतर येतें तें खरें शास्त्र. आणि तें इतकें सोपें आहे, कीं तें न शिकवितां विद्यार्थिनींना प्रमाणपत्रें कशीं दिलीं जातात याचेंच नवल वाटावें. तीन ते पांच वर्षांच्या मुलाचा आवाज फार थोड्या सुरांत मोकळेपणानें फिरतो. पेटीच्या भाषेंत सांगावयाचें तर मधल्या सप्तकांतील पांढरी दोनपासून पांढरी सहापर्यंत, म्हणजे जवळ जवळ पांचच सूर, बहुतेक मुलांना सहज लागतात. आतां प्रौढ स्त्री आपल्या सोयीनें गाऊं लागली कीं खालच्या सप्तकांतील पांढरी पांच किंवा काळी चार हा षड्ज धरते. तो तिच्या गळ्याला योग्यच असतो. परंतु गीताचे पहिले दोन-तीन सूर त्यामुळें मुलाच्या आवाजाच्या तळाखालीं जातात. विहिरींत उतरावयाला पायरीच नाहीं अशी त्याची स्थिति होते. मग तें मूल काय करतें? एक तर शब्द नुसते बोलतें, नाहीं तर ओरडतें. आणि बाई म्हणतात, याला सूर नाहीं!

उपाय असा, कीं शिक्षिकेनें मधल्या सप्तकांतील पांढरी दोन हा षड्ज धरावा आणि षड्जापासून पंचमापर्यंत फिरणारीं गाणीं निवडावीं. काळी चारची संवय असलेल्या बाईला हें थोडें उंच जातें. तिच्या नेहमींच्या तार षड्जाच्या आसपास पोंचावें लागतें. पण बालगीत दोन-चार ओळींचें असतें. तेवढ्यानें गळा बसत नाहीं. प्रत्येक विद्यार्थिनीनें आपला स्वतःचा षड्ज आणि मुलांचा षड्ज हे दोन निरनिराळे आहेत हें एकदां पेटीवर बोट ठेवून पाहिलें, कीं बेसूर ठरविल्या गेलेल्या निम्म्या मुलांची सुटका होते. कदाचित् तिची स्वतःचीही होते, कारण तिला मागें उभें केलें तेव्हां पट्टी कोणाच्या सोयीची होती, हा प्रश्न तिच्या मनांत प्रथमच येतो.

दुसरी गोष्ट क्रमाची. मूल गाणें एकदम सगळें शिकत नाहीं. आधीं शब्द येतात, मग लय, मग चालीचा ढोबळ आकार, म्हणजे आवाज कोठें चढतो आणि कोठें उतरतो एवढें, आणि सर्वांत शेवटीं नेमके स्वर व अखेरपर्यंत टिकणारा एक षड्ज. हा शेवटचा टप्पा पुष्कळ मुलांच्या बाबतींत पांच-सहा वर्षांच्या सुमारास किंवा त्यानंतरच गांठला जातो. चार वर्षांच्या मुलाची चाल ओळींच्या मधेंच दुसऱ्या पट्टींत घसरली तर तो त्याचा दोष नव्हे, तें त्याचें वय आहे. लयीचेंही तसेंच. मोकळें सोडलें असतां लहान मूल ज्या गतीनें टाळ्या वाजवितें ती मोठ्या माणसाच्या सहज गतीपेक्षां जलद असते. बाई संथ ठेका धरतात आणि मुलें पुढें पळतात. त्यांना थोपविण्यापेक्षां पहिले कांहीं दिवस बाईंनींच त्यांच्या टाळीबरोबर चालावें हें श्रेयस्कर.

पेटीविषयीं येथें दोन शब्द सांगावयास हवेत. नभोवाणीनें १९४० सालापासून सुमारें तीस वर्षें पेटीला आपल्या स्टुडिओंत मज्जाव केला होता. त्याचीं कारणें शास्त्रीय संगीतांतील श्रुतींशीं व मिंडेशीं निगडित होतीं आणि त्यांवर विद्वानांत बरेंच रण माजलें. बालवाडींतील आक्षेप निराळा आणि अगदीं घरगुती आहे. पेटी वाजविणाऱ्या बाईचे दोन्ही हात अडकतात, तोंड खालीं जातें, आणि त्या मोठ्या आवाजांत मुलांचा बारीक आवाज तिला ऐकूंच येत नाहीं. सूर शोधण्यापुरती पेटी घ्यावी आणि मग भात्यावरचा हात काढून मुलांत जाऊन बसावें. ज्या अध्यापन-वर्गांत विद्यार्थिनीला पेटीवर दहा गाणीं वाजविण्याची परीक्षा द्यावी लागते, पण एकही गाणें नुसत्या टाळीवर मुलांकडून म्हणवून घ्यावें लागत नाहीं, त्या वर्गानें आपली परीक्षा एकदां तपासून पाहावी.

परदेशांतील दोन प्रयोग या संदर्भांत लक्षांत ठेवण्याजोगे आहेत. हंगेरीचे संगीतकार झोल्तान कोदाय यांनीं १९४१ सालीं बालशाळेंतील संगीत या विषयावर एक लेख प्रसिद्ध केला. मोठमोठ्या वाद्यवृंदांसाठीं रचना करणारा हा माणूस तीन-चार वर्षांच्या मुलांच्या गाण्याकडे वळला, कारण कानाचा पाया त्याच वयांत घातला जातो अशी त्याची खात्री झाली होती. मुलाला प्रथम त्याच्या मातृभाषेंतील लोकगीतें द्यावींत, तीं थोड्या स्वरांचीं असावींत, अर्ध्या स्वरांच्या अडचणी त्यांत नसाव्यात, असा त्याचा आग्रह. त्याच्या पद्धतींत आरंभ होतो तो पंचमावरून गंधारावर उतरणाऱ्या दोन स्वरांनीं. लांबून कोणाला हाक मारतांना पुष्कळदां आवाज असाच उतरतो. पुढें जे पांच स्वर येतात ते सा, रे, ग, प, ध. आपल्याकडे यालाच भूप म्हणतात! हंगेरींत जें प्रयत्नपूर्वक शोधून काढावें लागलें त्याची ओळख येथें प्रत्येक संगीत-विद्यालयांत पहिल्याच वर्षीं होते. फक्त तें तान-आलापांच्या वाटेनें जातें, बालवाडीच्या दाराकडे येत नाहीं.

दुसरा प्रयोग माँटेसोरीबाईंच्या घंटांचा. त्या १९३९ सालीं मद्रासजवळ अड्यार येथें आल्या, आणि महायुद्धामुळें त्यांचा मुक्काम १९४६ पर्यंत लांबला. त्यांच्या पहिल्या वर्गालाच तीनशेंहून अधिक शिक्षक-शिक्षिका होत्या. त्यांच्या साधनांत एका सप्तकाच्या तेरा घंटा व तशाच दुसऱ्या तेरा असा संच असतो. दिसावयाला साऱ्या घंटा सारख्याच. फरक काय तो नादाचा. एका ओळींतील घंटा वाजवून तिचा जोडीदार दुसऱ्या ओळींत शोधावयाचा, तोही डोळ्यांनीं नव्हे, कानांनीं. या खेळांत शिक्षिकेला गावें लागत नाहीं, बोलावेंही लागत नाहीं. फक्त घंटा हळुवार कशी वाजवावी तें एकदां दाखवावें आणि बाजूस व्हावें. बाजूस होणें हीच बालशिक्षिकेला सर्वांत कठीण जाणारी विद्या! एवढें मात्र खरें, कीं या घंटांचे सूर कायमचे बांधलेले असतात आणि आपल्या संगीतांतील षड्ज गायकाबरोबर हलतो. शिवाय संच महाग. निरनिराळ्या उंचीपर्यंत पाणी भरलेले कांसेचे पेले किंवा मडकीं घेऊनही सारखे नाद जुळविण्याचा खेळ बराचसा साधतो.

आतां चित्राकडे वळूं या. येथें विद्यार्थिनीच्या मनांतून जी पहिली गोष्ट जावयास हवी ती ही, कीं लहान मूल वाईट चित्र काढणारा मोठा माणूस आहे. तें तसें नाहीं. त्याच्या चित्राला स्वतःचा क्रम आहे. दीड-दोन वर्षांचें मूल नुसत्या रेघोट्या मारतें, आणि त्या त्याच्या खांद्यापासून निघतात. नंतर कोंपर, मग मनगट आणि अखेर बोटें ताब्यांत येतात. म्हणूनच मोठा कागद, जाड खडू आणि भरपूर जमीन त्याला लागते. चौकटीची लहान वही आणि टोंकदार पेन्सिल हीं त्याच्या हाताला पायांतील घट्ट बुटांसारखीं होतात. तीन वर्षांच्या सुमारास रेघ वळून स्वतःला येऊन मिळते, वर्तुळ पुरें होतें, आणि ही मुलाच्या आयुष्यांतील केवढी मोठी घटना आहे तें त्याच्या चेहऱ्याकडे पाहिल्याशिवाय समजत नाहीं. मग त्या वर्तुळाला डोळे येतात, आणि डोक्यालाच हातपाय फुटतात. जगाच्या कानाकोपऱ्यांतलीं मुलें असा धड नसलेला माणूस काढतात.

अमेरिकेंतील सान फ्रान्सिस्को येथें बालशाळा चालविणाऱ्या रोडा केलॉग या बाईंनीं निरनिराळ्या देशांतील मुलांचीं सुमारें दहा लाख चित्रें जमविलीं आणि १९६९ सालीं त्यांवर ग्रंथ लिहिला. मुलांच्या रेघोट्यांत त्यांना वीस मूळ प्रकार सांपडले; आणि वर्तुळांत फुली मारल्यानें जी आकृति होते तिला त्यांनीं नांव दिलें तें आपलेंच, 'मंडल'. त्यापूर्वीं, १९२७ सालीं, ल्युके या फ्रेंच अभ्यासकानें दाखविलें होतें, कीं मूल डोळ्यांना दिसतें तें काढीत नाहीं, मनाला ठाऊक असतें तें काढतें. घराच्या भिंतीआडची आई दिसत नाहीं हें त्याला कळतें. पण ती आंत आहे हें ठाऊक असल्यामुळें भिंतींतून ती दिसतेच. अशा चित्रावर लाल शाईनें बरोबर-चूक लिहिणाऱ्या शिक्षिकेला दोष देण्यापेक्षां तिला हा क्रम कोणीं शिकविला नाहीं हें लक्षांत घ्यावें.

हा क्रम पुस्तकांतून सांगून मात्र भागत नाहीं. त्यासाठीं दोन अभ्यास फार उपयोगी पडतात. पहिला असा: विद्यार्थिनीनें जमिनीवर जुनें वर्तमानपत्र पसरावें, डाव्या हातांत कोळशाचा तुकडा धरावा आणि डोळे मिटून आपल्या आईचें चित्र काढावें. दोन मिनिटांत सारा वर्ग हंसूं लागतो, आणि मग कोणी तरी शेजारणीच्या कागदाकडे पाहून विचारते, "हें काय गं काढलंस?" त्या प्रश्नानें कसें वाटतें तें प्रत्येकीनें क्षणभर मनांत धरून ठेवावें, कारण बालवाडींत हाच प्रश्न दिवसांतून वीस वेळां विचारला जातो. मूल तो ऐकून गोंधळतें. त्यानें काय काढलें हें त्याला सांगतां येत नसतें, कारण त्यानें 'कांहीं' काढलेलेंच नसतें; त्याचा हात फिरत होता आणि मागें रंग उरत होता. मग बाईंना बरें वाटावें म्हणून तें म्हणतें "हत्ती", आणि पुढल्या वेळीं रेघ मारण्यापूर्वींच नांवाच्या चिंतेंत पडतें. त्यापेक्षां जवळ बसून "ही रेघ थेट कडेपर्यंत गेली" किंवा "येथें तांबडा आणि पिवळा एकमेकांवर आले" असें जें दिसतें तेवढेंच बोलावें. शाबासकीसुद्धां जपून द्यावी.

दुसरा अभ्यास धीराचा आहे. एकच मूल निवडावें आणि तीन महिने त्याच्या प्रत्येक चित्राच्या पाठीमागें तारीख व तें काढतांना तें काय बोललें तें लिहून ठेवावें. तीन महिन्यांनीं तीं चित्रें ओळीनें मांडलीं म्हणजे विद्यार्थिनीला जें दिसतें तें कोणत्याही व्याख्यानांत सांपडत नाहीं. सेवाग्रामला १९४४ पासून नई तालीमच्या शाळेंत चित्रकला शिकविणारे देवीप्रसाद शांतिनिकेतनांत नंदलाल बसूंच्या छायेंत शिकलेले होते. पण मुलांकडून ते चित्रकार बनण्याची अपेक्षा करीत नसत. चित्र हें वाढीचें एक अंग आहे, धंदा नव्हे, हाच त्यांच्या लिखाणाचा रोख आहे.

साहित्याविषयीं फार बोलण्याचें कारण नाहीं. गेरू, हळद, कोळसा, खडू, शाडूची माती, डिंक किंवा चिंचोक्याची खळ, टोंक चेंचलेल्या काड्यांचे कुंचले; वाद्यांसाठीं करवंट्या, घुंगरें, खडे भरलेले डबे. शहरांत हें सारें मिळतें. मिळत नाहीं ती जमीन मळूं देण्याची तयारी.

आणि येथें घरांचा संबंध येतो. वार्षिक संमेलन जवळ आलें कीं सर्वांत उत्तम शिकलेल्या शिक्षिकेचीही परीक्षा सुरू होते. पालकांना भिंतीवर ओळखूं येणारीं चित्रें हवीं असतात. म्हणून रात्रीं जागून बाईच फुलें कातरतात, आणि मुलांच्या हातून त्यांवर एकेक टिकली चिकटवून घेऊन खालीं मुलांचीं नांवें घालतात. रंगमंचावर ध्वनिक्षेपकांतून सिनेमाचें गाणें लागतें आणि चार वर्षांचीं मुलें, चेहऱ्यावर रंग थापून, त्यावर ओठ हलवितात. टाळ्या पडतात, छायाचित्रें निघतात. अध्यापन-वर्गांत पहिल्या दिवशीं दिसलेले ते हलते ओठ कोठून आले असतील, हें त्या रंगमंचाकडे पाहून निराळें सांगावें लागत नाहीं. नवी शिक्षिका एकटी या प्रवाहाविरुद्ध उभी राहूं शकत नाहीं. तिची नोकरी पालकांच्या समाधानावर अवलंबून असते. ज्या घरांतून "आमच्या बाळानें स्वतः काढलेली रेघोटीच लावा, आणि त्याच्याच आवाजांतलें गाणें होऊं द्या" असा निरोप शाळेंत जातो, तें घर तिच्या शिक्षणाचा उरलेला भाग पुरा करतें.

खेड्यांत व गरीब वस्तींत अडचण दुसरी आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजीं एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, आणि आज देशांत तेरा-चौदा लाखांच्या आसपास अंगणवाड्या आहेत. तेथील सेविकेनें मुलांचीं वजनें घ्यावयाचीं, आहार वाटावयाचा, गरोदर स्त्रियांची व लसीकरणाची नोंद ठेवावयाची, आणि उरलेल्या वेळांत मुलांना शिकवावयाचें. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें तीन ते आठ वर्षें हा शिक्षणाचा पायाभूत टप्पा मानला, आणि २०२२ सालच्या अभ्यासक्रम-आराखड्यानें सौंदर्यदृष्टि व संस्कृति यांना त्यांत स्वतंत्र स्थान दिलें. कागदावर ही मोठीच प्रगति आहे. परंतु सेविकेच्या वांट्याला येणारें शिक्षण थोड्या दिवसांचें, आणि त्यांतही नोंदवह्यांचा भाग मोठा. त्या थोड्या दिवसांतील दोन दिवस जरी तिला मुलांचा षड्ज आणि मुलांची रेघ दाखविण्यास दिले, तरी त्या दोन दिवसांची किंमत वाया जाणार नाहीं. सेविका बहुधा त्याच गांवची असते. गाणीं तिला ठाऊक असतात. तीं अंगणवाडींत म्हणण्यासारखीं आहेत, एवढेंच तिला कोणीं सांगितलेलें नसतें.

अध्यापन-वर्गाच्या अखेरीस प्रत्यक्ष पाठ होतात. परीक्षक मागें खुर्चीवर बसलेले असतात, आणि पहिल्या दिवशीं ओठ हलविणारी ती विद्यार्थिनी मुलांच्या कोंडाळ्यांत मांडी घालून बसते. पेटी कोपऱ्यांत झांकलेली असते. तिचा आवाज प्रथम थोडा कांपतो. आजीकडून आणलेल्या गाण्याची पहिली ओळ ती पांढरी दोनच्या सुमारास उचलते. मुलें टाळ्या धरतात. दुसऱ्या ओळीला एक लहानगा मधेंच सगळ्यांच्या वर सूर लावतो, आपल्याला लागतो तो, आणि डोळे मिटून तोच धरून ठेवतो. परीक्षक पेन्सिल उचलतात. विद्यार्थिनी क्षणभर थांबते, त्याचा सूर ऐकते, आपला सोडून देते आणि त्याच्या सुरांत पुढली ओळ म्हणूं लागते.